प्रशिक्षकाची उपस्थिती आणि खेळाडूचे मन : क्रीडा-मानसशास्त्राच्या इतिहासातील एक प्रश्न

प्रस्तावना

उत्तम क्रीडा प्रशिक्षकाच्या अंगी कोणते मानसिक गुण असावेत, या प्रश्नाचे उत्तर शारीरिक शिक्षणाच्या पाठ्यपुस्तकांत सहसा यादीच्या रूपाने मिळते. संयम, आत्मविश्वास, निर्णयक्षमता, शिस्तप्रियता, निःपक्षपातीपणा आणि नेतृत्व हे गुण त्या यादीत हमखास असतात. यादीत गैर असे काहीच नाही. परंतु हेच गुण सेनाधिकाऱ्याला, मुख्याध्यापकाला आणि बँकेच्या शाखाधिकाऱ्यालाही तितकेच आवश्यक असतात. प्रशिक्षकाचे प्रशिक्षक म्हणून जे वेगळेपण आहे ते अशा यादीतून हाती लागत नाही. शिवाय हे गुण कोणी, कधी आणि कसे तपासले याचाही उल्लेख तेथे क्वचितच आढळतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. हा इतिहास मुख्यतः अमेरिकेत घडला, कारण प्रशिक्षकाच्या मनाचा पद्धतशीर अभ्यास प्रथम तेथील विद्यापीठांच्या मैदानांवर झाला. त्या अभ्यासातून एक सूत्र पुढे येते. प्रशिक्षक काही बोलो वा न बोलो, त्याच्या नुसत्या असण्याचाही खेळाडूवर परिणाम होतो. या परिणामाची स्वतःला जाणीव असणे हाच प्रशिक्षकाचा सर्वांत दुर्मीळ मानसिक गुण होय. हे सूत्र आपल्याकडे कितपत लागू पडते, हे शेवटी मुंबईच्या शिवाजी पार्कवरील एका सुपरिचित उदाहरणावरून पाहिले आहे.

सायकलस्वार आणि चाळीस मुले

इंडियाना विद्यापीठातील नॉर्मन ट्रिपलेट यांनी १८९८ साली प्रसिद्ध केलेला निबंध क्रीडा-मानसशास्त्राचा आरंभबिंदू मानला जातो. सायकल शर्यतींच्या अधिकृत नोंदी पाहताना त्यांच्या असे लक्षात आले की, एकटाच घड्याळाविरुद्ध धावणारा स्वार सोबत दुसरा कोणी असला की अधिक वेगाने जातो. हवेचा अडथळा कमी होणे हे यामागील एक कारण होते, परंतु तेवढ्याने सर्व उलगडा होत नव्हता. म्हणून त्यांनी चाळीस मुलांना मासेमारीच्या गळाचे रीळ फिरवण्याचे काम दिले. ते कधी एकट्याने, तर कधी जोडीने करायचे होते.

या प्रयोगाचा निष्कर्ष पुढे ‘दुसऱ्याच्या सान्निध्यात कामगिरी सुधारते’ अशा एका वाक्यात आटोपला गेला. मूळ निष्कर्ष मात्र एवढा सरळ नव्हता. चाळीसपैकी साधारण निम्मी मुले जोडीने अधिक वेगवान झाली. दहा मुलांवर फारसा परिणाम झाला नाही. आणि उरलेली दहा मुले उत्तेजित होऊन उलट मागे पडली. जी गोष्ट एकाला बळ देते तीच दुसऱ्याचा हात अडखळवते. प्रशिक्षकाविषयीच्या पुढील साऱ्या चर्चेचे बीज या दहा मुलांत आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

कोलमन ग्रिफिथ आणि त्यांची प्रयोगशाळा

पहिल्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत विद्यापीठीय फुटबॉल हा प्रचंड लोकप्रिय खेळ बनला. मोठी क्रीडागारे उभी राहिली आणि त्यांबरोबर पगारी प्रशिक्षकांचा नवा व्यवसायही उदयास आला. हे प्रशिक्षक बहुधा पूर्वाश्रमीचे खेळाडू असत. आपण जसे शिकलो तसेच शिकवावे, एवढीच त्यांची पद्धती होती. इलिनॉय विद्यापीठातील तरुण मानसशास्त्रज्ञ कोलमन ग्रिफिथ यांनी १९१८ पासून या मैदानांवर निरीक्षणे सुरू केली. १९२३ मध्ये त्यांनी मानसशास्त्र व क्रीडा या विषयाचा स्वतंत्र अभ्यासक्रम चालवला आणि १९२५ मध्ये विद्यापीठाचे क्रीडा संचालक जॉर्ज हफ यांच्या पाठबळाने क्रीडा-संशोधनाची प्रयोगशाळा उभी केली. जर्मनी आणि सोव्हिएत रशियातही त्याच दशकात असे प्रयत्न चालू होते. त्यामुळे ग्रिफिथ हे जगातील एकमेव आद्य संशोधक होते असे मानणे योग्य ठरणार नाही. तथापि प्रशिक्षकाच्या मानसशास्त्रावर १९२६ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिण्याचा मान त्यांच्याकडे जातो. प्रशिक्षक हा केवळ कौशल्ये शिकवणारा कामगार नसून जुन्या अर्थाने शिक्षक आहे, अशी त्यांची भूमिका होती.

ग्रिफिथ यांची खरी ताकद सिद्धांतात नव्हती, ती प्रश्न विचारण्यात होती. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी इलिनॉयच्या रेड ग्रेंज या खेळाडूने मिशिगनविरुद्ध पहिल्या बारा मिनिटांत चार टचडाउन केले. ग्रिफिथ यांनी पुढे त्याला त्याविषयी विचारले, तेव्हा त्या धावांचे तपशील ग्रेंजला जवळजवळ आठवत नसल्याचे दिसून आले. अत्युच्च कौशल्य प्रत्यक्षात येते तेव्हा ते विचाराच्या पातळीवर नसते. मग प्रशिक्षकाने सामन्याच्या ऐन वेळी खेळाडूला सूचनांनी भारून टाकण्यात काय हशील, असा प्रश्न यातून आपोआपच उभा राहतो.

त्याच वर्षी त्यांनी नोत्र दाम विद्यापीठाचे विख्यात प्रशिक्षक नूट रॉकनी यांना पत्राने विचारणा केली. सामन्यापूर्वी जोशपूर्ण भाषण करून खेळाडूंना चेतवणारा प्रशिक्षक, अशी रॉकनी यांची जनमानसातील प्रतिमा होती आणि १९४० च्या चित्रपटाने ती कायमची पक्की केली. परंतु डिसेंबर १९२४ मधील त्यांचे उत्तर या प्रतिमेशी अजिबात जुळत नाही. विरळा प्रसंग वगळता आपण संघाला चेतवत नाही, असे त्यांनी कळवले. त्या वर्षी नेब्रास्काविरुद्धच्या सामन्यासाठी तसे केले आणि ती चूक ठरली, कारण पुढच्याच शनिवारी नॉर्थवेस्टर्नविरुद्ध संघ मरगळलेला दिसला, अशी कबुलीही त्यांनी दिली. खेळातील आनंद टिकावा आणि द्वेषाला थारा मिळू नये, असा त्यांचा आग्रह होता. यशाच्या शिखरावर असलेला प्रशिक्षक स्वतःच्या शब्दांचा परिणाम आठवडाभर पुढे जाऊन तपासतो आणि एका अनोळखी प्राध्यापकाला स्वतःची चूक लिहून कळवतो, ही बाब त्या पत्रातील कोणत्याही मतापेक्षा अधिक महत्त्वाची वाटते. आपल्याकडे आजही ‘संघात जोश भरणे’ हे प्रशिक्षकाचे प्रथम कर्तव्य समजले जाते, हे येथे सहज आठवते.

आर्थिक मंदीच्या काळात, १९३२ मध्ये, इलिनॉयची प्रयोगशाळा बंद पडली. मात्र ग्रिफिथ यांच्या आयुष्यातील सर्वांत बोलका प्रसंग त्यानंतरचा आहे. शिकागो कब्ज या व्यावसायिक बेसबॉल संघाचे मालक फिलिप रिग्ली यांनी १९३८ मध्ये त्यांना संघासाठी नेमले. चित्रीकरणाचा कॅमेरा आणि वेळ मोजण्याची उपकरणे घेऊन ते सराव शिबिरात दाखल झाले. संघाचा सराव त्यांना बराचसा उद्देशहीन वाटला. फलंदाजीचा सराव प्रत्यक्ष सामन्यासारखा, म्हणजे चेंडू टाकणारा आणि फटकावणारा एकमेकांवर मात करू पाहत आहेत अशा स्थितीत व्हावा, असे त्यांनी सुचवले. आज ही सूचना कोणाही शालेय प्रशिक्षकाला सर्वसामान्य वाटेल.

बेसबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षकाला मॅनेजर म्हणतात. कब्जचे मॅनेजर चार्ली ग्रिम यांना हा सारा प्रकार आपल्या अधिकारातील हस्तक्षेप वाटला. हंगामाच्या मध्यावर ग्रिम जाऊन गॅबी हार्टनेट आले, पण संशय गेला नाही. त्या वर्षी संघाने आपल्या लीगचे विजेतेपद मिळवले आणि अंतिम मालिका न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध ४-० अशी गमावली. ग्रिफिथ शेकडो पानांचे अहवाल लिहीत राहिले; ते मालकाच्या कपाटात साठत गेले आणि १९४० मध्ये हे काम थांबले.

या अपयशाचा दोष सहसा दोन्ही मॅनेजरांच्या अडाणीपणावर टाकला जातो. तो पूर्णतः न्याय्य नाही. मालकाने नेमलेला आणि मालकालाच अहवाल देणारा निरीक्षक कोणाही प्रशिक्षकाला हेर वाटणे स्वाभाविक होते. ग्रिफिथ यांनी आपल्या अहवालांत मॅनेजरांवर केलेली टीकाही सौम्य नव्हती. तरीही एक विसंगती उरतेच. खेळाडूला रोज स्वतःच्या नजरेखाली ठेवणाऱ्या प्रशिक्षकाला दुसऱ्या कोणाची नजर स्वतःवर पडलेली सहन झाली नाही. पुढील संशोधनाची वाट याच ठिकाणी अडलेली दिसते.

स्वभावाच्या चाचण्यांपासून वर्तनाच्या नोंदींकडे

१९६० च्या दशकात व्यक्तिमत्त्व-चाचण्यांचे युग आले. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील ब्रूस ओगिल्वी व थॉमस टुटको यांनी १९६६ मध्ये ‘समस्याग्रस्त खेळाडू’ हाताळण्याविषयी पुस्तक लिहिले. ही समस्या खेळाडूची आहे, हे शीर्षकातच गृहीत धरलेले होते. प्रशिक्षकांविषयी त्यांनी काढलेले चित्र असे होते : निग्रही, कष्टाळू, वर्चस्वप्रिय, पण लवचीकपणात आणि इतरांच्या भावना ओळखण्यात कमी. जॉर्ज सेज यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी या चित्राला आक्षेप घेतला. प्रशिक्षकांची तुलना इतर पुरुषांशी केली असता स्वभावात म्हणण्यासारखा फरक आढळत नाही, असे त्यांच्या अभ्यासातून निष्पन्न झाले. प्रशिक्षकाचा म्हणून काही विशिष्ट ‘स्वभाव’ असतो ही समजूत तेथे डळमळीत झाली.

स्वभाव सोडून वर्तन पाहावे, हा विचार यानंतर रुजला. त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वुडन यांचा अभ्यास. वुडन १९४८ मध्ये तेथे रुजू झाले आणि पहिले राष्ट्रीय विजेतेपद १९६४ मध्ये मिळाले. त्यानंतर १९७५ पर्यंतच्या बारा वर्षांत एकूण दहा. म्हणजे पहिल्या यशासाठी दीड दशकाहून अधिक काळ जावा लागला. आज एवढी सवड कोणत्या प्रशिक्षकाला मिळेल हा वेगळा प्रश्न आहे. १९७४-७५ या त्यांच्या अखेरच्या हंगामात रोलंड थार्प व रोनाल्ड गॅलिमोर या शिक्षण-मानसशास्त्रज्ञांनी पंधरा सराव सत्रांत बसून त्यांच्या २,३२६ अध्यापन-कृतींची नोंद केली.

प्रशंसा आणि दोषारोप यांचे प्रमाण पाहणे हा त्यांचा मूळ हेतू होता. निष्कर्ष अनपेक्षित निघाला. निव्वळ शाबासकी ६.९ टक्के आणि निव्वळ नापसंती ६.६ टक्के, म्हणजे दोन्ही नगण्य. सुमारे तीन चतुर्थांश कृतींत माहिती होती : काय करायचे, कसे करायचे, केव्हा करायचे. चूक दिसली की वुडन योग्य कृती करून दाखवत, मग खेळाडूने केली तशी चुकीची कृती दाखवत आणि पुन्हा योग्य कृती दाखवत. हे सारे काही सेकंदांत उरकून सराव पुढे चालू होई. त्यांची वाक्ये छोटी, नेमकी आणि त्या त्या खेळाडूसाठी वेगळी असत. प्रत्येक सत्राची आखणी ते सहकाऱ्यांसोबत सकाळी तपशीलवार करत. हंगामाच्या पहिल्या दिवशी पायमोजे नीट कसे घालावेत हे ते स्वतः शिकवत. मोज्याला सुरकुती राहिली तर पायाला फोड येतो, एवढे साधे कारण त्यामागे होते.

या नोंदींतून दिसणारा प्रशिक्षक शांत आहे, पण उदासीन नाही. त्याचे लक्ष स्वतःच्या मनःस्थितीवर केंद्रित नसून समोरच्या कृतीवर आहे. खेळाडूला त्याच्या चेहऱ्याकडे पाहून अंदाज बांधावा लागत नाही, कारण पुढे काय करायचे हे त्याला सांगितले गेलेले असते. तथापि वुडन यांचे खेळाडू देशभरातून निवडलेले, मुळातच समर्थ तरुण होते. त्यांना लागू पडणारे प्रमाण दहा वर्षांच्या मुलाला लागू पडेलच असे नाही.

मुलांनी पाहिलेला प्रशिक्षक

नेमका हाच प्रश्न सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील रोनाल्ड स्मिथ व फ्रँक स्मॉल यांनी हाती घेतला. त्यांनी प्रशिक्षकाच्या वर्तनाचे बारा प्रकार निश्चित करून नोंदीची एक पद्धत १९७७ मध्ये मांडली. मुलांच्या बेसबॉलमधील ५१ प्रशिक्षकांचे प्रत्यक्ष सामन्यांत निरीक्षण केले गेले आणि ५४२ मुलांच्या मुलाखती घेण्यात आल्या. मुलांना प्रशिक्षक कसा वाटला आणि प्रशिक्षकाला स्वतःचे वर्तन कसे वाटले, हे दोन्ही विचारून त्यांची प्रत्यक्ष नोंदींशी तुलना केली गेली.

प्रशिक्षकांचे स्वतःविषयीचे मत आणि त्यांचे नोंदलेले वर्तन यांत फारच थोडा मेळ होता. शिक्षा करण्याच्या बाबतीत तेवढा तो बऱ्यापैकी आढळला. मुलांचा अंदाज त्या मानाने वस्तुस्थितीच्या अधिक जवळ होता. मैदानावरील सर्वांत जाणती व्यक्तीच स्वतःच्या बाबतीत सर्वांत कमी जाणती ठरली. आणखी एक गोष्ट अशी की, संघ किती सामने जिंकला याचा मुलांना प्रशिक्षक आवडण्याशी जवळजवळ संबंध नव्हता. धीर देणाऱ्या आणि चुकीनंतर समजावून सांगणाऱ्या प्रशिक्षकाविषयी मुलांना आपुलकी वाटली आणि हा परिणाम स्वतःला कमी लेखणाऱ्या मुलांत सर्वाधिक होता. ट्रिपलेट यांच्या प्रयोगात अडखळलेली दहा मुले येथे पुन्हा भेटतात.

यावर त्यांनी सुचवलेला उपाय साधा होता. १९७९ च्या प्रयोगात ३१ पैकी १८ प्रशिक्षकांना काही तासांचे मार्गदर्शन दिले, त्यांच्या वर्तनाच्या नोंदी त्यांना दाखवल्या आणि स्वतःच्या वर्तनाची टिपणे ठेवायला सांगितले. उरलेल्या १३ जणांना काहीच सांगितले नाही. मार्गदर्शन मिळालेल्यांच्या संघांतील मुलांना खेळात अधिक आनंद मिळाला, मात्र त्यांच्या जय-पराजयाच्या प्रमाणात विशेष फरक पडला नाही. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासाने मुले खेळ सोडून देतात का, हे तपासले. प्रशिक्षित गटातील ५ टक्के मुलांनी पुढच्या हंगामापर्यंत खेळ सोडला होता, तर दुसऱ्या गटातील २६ टक्के मुलांनी. विजयाच्या तक्त्यात न दिसणारा प्रशिक्षक या आकड्यात दिसतो.

शिवाजी पार्कवरील झाड

आपल्याकडे ही चर्चा बहुधा गुरुशिष्य परंपरेच्या चौकटीत होते. आखाड्यातील वस्तादाचा शब्द अंतिम असतो आणि केंद्र सरकारने १९८५ मध्ये सुरू केलेल्या प्रशिक्षकांच्या पुरस्काराला द्रोणाचार्यांचे नाव आहे. द्रोणांच्या अनुपस्थितीत, त्यांच्या मातीच्या पुतळ्यासमोर सराव करून धनुर्धर झालेल्या एकलव्याची कथा मात्र पुरस्काराच्या वेळी कोणाला आठवत नाही. हा पुरस्कार १९९० मध्ये मिळालेले क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांचे उदाहरण वरील सूत्राच्या कसोटीवर पाहणे उद्बोधक ठरते. बलविंदरसिंग संधू, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, अजित आगरकर अशी त्यांच्या शिष्यांची मालिका मोठी आहे.

सचिन तेंडुलकर यांना त्यांचे थोरले बंधू अजित यांनी १९८४ मध्ये शिवाजी पार्कवर आणले, तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. आचरेकरांच्या नजरेसमोर त्या मुलाला नीट खेळता आले नाही आणि निवड नाकारली जाण्याची वेळ आली. तेव्हा अजित यांनी अशी विनंती केली की, सरांनी निघून गेल्याचे भासवावे आणि दुरून पाहावे. आचरेकर झाडाआड उभे राहिले. मुलगा मोकळेपणाने खेळू लागला आणि त्याला प्रवेश मिळाला. ही हकीकत तेंडुलकर यांनी स्वतः सांगितलेली असून ती सहसा भावी थोरवीची चाहूल म्हणून वाचली जाते. प्रशिक्षकाच्या दृष्टीने तिचा अर्थ निराळा आहे. आपल्या उपस्थितीनेच या मुलाचा खेळ बिघडतो आहे, हे एका नवख्या माणसाच्या सांगण्यावरून मान्य करणे आणि स्वतःच्या मैदानावर स्वतः लपून उभे राहणे, यासाठी जी वृत्ती लागते ती शिकागोच्या दोन्ही मॅनेजरांपाशी नव्हती.

यष्ट्यांवर ठेवलेल्या एक रुपयाच्या नाण्याची गोष्टही याच अंगाने पाहता येते. गोलंदाजाने बाद केले तर नाणे त्याचे, सत्र संपेपर्यंत नाबाद राहिल्यास फलंदाजाचे. अशी तेरा नाणी तेंडुलकर यांनी जपून ठेवली. दमलेल्या मुलाला या व्यवस्थेत प्रशिक्षकाच्या प्रशंसेची किंवा रागाची वाट पाहावी लागत नाही. निवाडा नाणे करते. सराव सामन्यासारखा असावा, ही ग्रिफिथ यांची कब्जने नाकारलेली सूचना शिवाजी पार्कवर कोणत्याही प्रयोगशाळेविना अमलात आलेली होती.

परंतु याच प्रशिक्षकाने या शिष्याला एकदा थप्पडही मारली होती. ठरवलेला सराव सामना चुकवून तो वानखेडेवर आपल्या शाळेच्या वरिष्ठ संघाचा सामना पाहायला गेला होता. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवण्यापेक्षा लोकांनी तुझ्यासाठी टाळ्या वाजवाव्यात असे खेळ, असा त्या वेळच्या उपदेशाचा आशय होता. तेंडुलकर यांनी हा प्रसंग कृतज्ञतेने सांगितला आहे आणि त्या कृतज्ञतेवर शंका घेण्याचे कारण नाही. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने एक भान ठेवणे आवश्यक आहे. थप्पड खाऊन जे टिकले आणि मोठे झाले, त्यांच्याच आठवणी छापल्या जातात. ज्यांनी त्यानंतर बॅट खाली ठेवली, त्यांना कोणी मुलाखतीला बोलावत नाही. सिएटलच्या अभ्यासाचे मोल यात आहे की, त्याने यशस्वी शिष्यांऐवजी सर्व मुलांना विचारले आणि निघून गेलेल्यांचीही मोजदाद केली. एखाद्या थोर प्रशिक्षकाच्या यशात थप्पडेचा वाटा किती आणि झाडाआड उभे राहण्याचा वाटा किती, हे केवळ शिष्याच्या थोरवीवरून ठरवता येत नाही. आपल्याकडील अनेक प्रशिक्षकांनी मात्र अनुकरणासाठी पहिली गोष्ट उचलली, कारण ती सोपी आहे.

प्रशंसेच्या बाबतीतही आचरेकर कठोर होते. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवरील निरोपाच्या भाषणात तेंडुलकर यांनी सांगितले की, एकोणतीस वर्षांत सरांनी एकदाही ‘चांगला खेळलास’ असे म्हटले नाही, कारण आपण गाफील राहू आणि मेहनत सोडू अशी त्यांना धास्ती होती. आता यापुढे सामना नसल्याने सर तसे म्हणू शकतील. लहानपणी सामन्यामागून सामना खेळता यावा म्हणून सर आपल्या स्कूटरवर बसवून शिवाजी पार्कवरून आझाद मैदानावर नेत, ही आठवणही त्याच भाषणात होती.